पांढऱ्यावर पांढरं

विलासभाऊंच्या दुकानात दर दिवाळीला दिवाळी अंक येतात. भाऊ त्यांत दुकानाची जाहिरात देतात म्हणून ते फुकट मिळतात. भाऊ आपली जाहिरात छापलेलं पान तेवढं पाहतात आणि अंक माझ्याकडे सरकवतात. बाकीचं मी वाचते. त्यांत कुणी ना कुणी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहिलेल्या असतातच. कधी निवृत्त तहसीलदार, कधी निवृत्त डॉक्टर, मागच्या वेळी निवृत्त फौजदार होते. सगळ्यांच्या आठवणींत एक गोष्ट सारखी असते. लेखक सोडून बाकी सगळ्यांच्या चुका झालेल्या असतात.

मी काही निवृत्त झालेली नाही. माझ्या कामाला घरातले नोकरी म्हणत नाहीत, "दुकानात जाते" म्हणतात. तरी वाटलं, आपणही लिहून पाहावं. हे छापायला द्यायचं नाही, म्हणजे शहाणं दिसायची गरज नाही.

माझं शिक्षण चौथी. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि शाळेचे अर्धे महिने आईबाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. लग्न होऊन शेलूबाजारला आले. नवरा जीप चालवतो. जीप जिथे उभ्या राहतात तिथेच समोर विलासभाऊंचं दुकान आहे. दाखले, झेरॉक्स, विजेची बिलं, फोटो, सगळं तिथे होतं. मी झाडझूड करायला लागले होते. झाडताना पडद्यावर दिसेल ते वाचायची सवय होती. भाऊंच्या पुतण्याने ते पाहिलं आणि मला मराठी टाइप करायला बसवलं. तो पुण्याला निघून गेला तेव्हा त्याचं काम माझ्या अंगावर आलं.

मला माणसांशी बोलता येत नाही. समोर कुणी आलं की घसा कोरडा पडतो. भाऊंनी दुकानात प्लायवूडची एक आडभिंत घातली आहे. पुढे भाऊ आणि गिऱ्हाईक, मागे मी आणि कॉम्प्युटर. गिऱ्हाईकांना वाटतं सगळं भाऊच करतात. भाऊंनाही तसंच वाटतं.

माझ्याकडे जे काम आहे ते आमच्या समाजाच्या वधूवर संकेतस्थळाचं. लग्नाच्या मुलामुलींची माहिती त्यावर असते. मुलांची एक बाजू, मुलींची दुसरी. भाऊंनी स्वतःच्या कार्डावर "संचालक" असं छापून घेतलं आहे. अक्षरं सोनेरी आहेत.

हे काम काय असतं ते सांगते. मोबाइलवर आपण पान पाहतो तेव्हा काही अक्षरं जाड दिसतात, काही बारीक, काही रंगीत. ती आपोआप तशी होत नाहीत. त्या पानाच्या मागे अजून एक पान असतं. त्यात सगळी अक्षरं एकसारखी असतात आणि शब्दांच्या आधी-नंतर खुणा घातलेल्या असतात. त्यांना टॅग म्हणतात. दोन टोकदार कंस आणि मध्ये एखादं इंग्रजी अक्षर. मी त्यांना चिमटे म्हणते. शब्दाच्या आधी "बी"चा चिमटा लावला की तिथून अक्षरं जाड होतात. शब्द संपला की तिरकी रेघ घातलेला "बी"चाच दुसरा चिमटा लावायचा, मग जाडपणा थांबतो. "एच वन"चा लावला तर मथळ्याएवढं मोठं होतं. "स्मॉल"चा लावला तर बारीक, "यू"चा लावला तर खाली रेघ. रंग हवा असेल तर रंगाचं इंग्रजी नाव घालायचं. माझं सगळं इंग्रजी एवढंच आहे. वाचणाऱ्याला चिमटे दिसत नाहीत, त्यांनी केलेलं काम तेवढं दिसतं. मुलगी पाहायला गेल्यावर बैठकीत पुरुषमंडळी बोलत असतात आणि आत चहाच्या पातेल्याजवळ बसलेली आत्या सगळं ठरवत असते. तसे हे चिमटे.

सुरुवातीला पान साधं होतं. नाव, जन्म, उंची, शिक्षण, नोकरी, शेती आणि शेवटी अपेक्षा. मग एका बापाने मुलाची नोकरी जाड करून मागितली. ते पाहून दुसऱ्याने मागितली. ज्यांना नोकरी नव्हती त्यांनी शेती जाड करून घेतली. ज्यांना दोन्ही नव्हतं त्यांनी उंची. एक बाई आल्या, त्यांना मुलीचा "रंग गोरा" हा शब्द गुलाबी अक्षरांत हवा होता. गुलाबी केला तर म्हणाल्या, अजून थोडा उजळ करा. मी केला. अक्षरं उजळत गेली, मुलगी फोटोत होती तशीच राहिली.

एकदा माझ्याकडून एका मुलाच्या नावानंतर शेवटचा चिमटा लावायचा राहिला. त्यामुळे त्याच्या खालच्या सगळ्या मुलांची सगळी माहिती मथळ्याएवढी मोठी झाली. उंची मोठी, गोत्र मोठं, मामाचं गाव मोठं. मला वाटलं, आता तक्रारी येतील. एकही आली नाही. चूक लक्षात आल्यावर मी ती गुपचूप दुरुस्त केली आणि त्याच दुपारी फोन सुरू झाले की आमच्या मुलाला लहान काहून केलं.

अजून एक गृहस्थ होते, त्यांना शेतीच्या आकड्याखाली रेघ हवी होती. भाऊंनी हो म्हटलं, मी रेघ दिली. मोबाइलवर रेघ असलेल्या शब्दाला बोट लावलं की दुसरं पान उघडतं, हे लोकांना माहीत झालेलं असतं. मुलीकडची माणसं त्या एकरांवर बोट दाबत बसायची. एका मुलीच्या बापाने फोन करून सांगितलं, "भाऊ, पोरगा उघडते, पण वावर उघडून नाही राह्यलं." भाऊंनी नेट कमजोर असल्याचं सांगितलं. नंतर कळलं की ते वावर तीन भावांचं सामाईक होतं आणि कोर्टातही उघडत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट.

समाजाच्या मेळाव्यात एका लग्नावरून हातघाईची वेळ आली. मेळाव्याच्या छापील पुस्तिकेत मुलगा सरकारी नोकरीत आहे असं लिहिलं होतं, निघाला बेकार. त्यानंतर समाजाच्या कमिटीने पुस्तिकेला आणि आमच्या पानालाही नियम केला की नोकरी, वय आणि आधीचं लग्न यांबद्दल खरं तेच लिहायचं, लपवलं तर नाव काढून टाकू. नियम चांगला होता. म्हणून तर सगळ्यांची पंचाईत झाली.

जऊळक्याचे दादाराव पहिले आले. त्यांच्या शीतलचं लग्न झालं होतं आणि वर्षाच्या आत मोडलं होतं. कागदपत्रं सगळी पूर्ण, रीतसर घटस्फोट. दादाराव भाऊंसमोर बसले आणि बराच वेळ सोयाबीनच्या भावाबद्दल बोलले. मग म्हणाले, लिहावं लागतं तर लिहा, पण तो शब्द जरा बारीक लिहा. मी "स्मॉल"चा चिमटा लावला. दादारावांनी आपल्या मोबाइलवर पान उघडलं, त्या शब्दावर दोन बोटं ठेवली आणि ताणली.

"हे पाहा भाऊ," ते म्हणाले, "बोटानं ताणलं त टरबुजावानी होऊन राह्यलं."

"मंग नकोच लिहू," भाऊ म्हणाले.

"नाही कसं? कमिटी नाव काढन ना. लिहिलं त पायजे. पण दिसलं नाही पायजे."

भाऊंना अशा वेळी काहीतरी सुचतंच. ते आडभिंतीवरून ओरडले, "वहिनी, पांढऱ्यावर पांढरं करा."

करायला अवघड काही नव्हतं. रंगाच्या जागी पांढऱ्याचं इंग्रजी नाव घातलं. पान पांढरं, अक्षरं पांढरी. शीतलच्या उंचीच्या खाली आणि शिक्षणाच्या वर एक रिकामी ओळ दिसू लागली. दादारावांनी ताणून पाहिलं, मोबाइल तिरपा करून पाहिला, उन्हात नेऊन पाहिला. काहीच दिसलं नाही. म्हणाले, "आता कसं खरं वाटते."

अशा गोष्टी जीपच्या टपावर बसून गावोगाव जातात. पंधरवड्याच्या आत लोक दुकानात येऊन आवाज खाली करून "ते पांढरं" मागू लागले. भाऊंनी त्याचा वेगळा दर लावला. म्हणजे काळ्या अक्षरांपेक्षा न दिसणारी अक्षरं महाग झाली. कुणाचं वय पांढरं झालं, कुणाचा मोडलेला साखरपुडा, कुणाची आधीची बायको. मुलांच्या बाजूला नोकऱ्या पांढऱ्या व्हायला लागल्या. पान असं दिसू लागलं की पेरलेलं सगळं आहे, पण मधली तासंच्या तासं, पिकाच्या ओळीच्या ओळी, उगवलेली नाहीत.

केनवडचे पुरुषोत्तमराव त्याच दिवसांत आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन. त्यांच्या प्रवीणच्या नावाखाली "कंपनीत सुपरवायझर, पुणे" हे लाल आणि जाड करून हवं होतं. त्याच्या खाली नियमाप्रमाणे "सध्या नोकरी नाही, घरी शेती पाहतो" असं पांढऱ्यात. कंपनी बंद पडली होती. आज ना उद्या ती पुन्हा बोलावणार, असं ते सांगत होते. बंद पडलेली कंपनी कुठून बोलावणार, हे विचारायचं काम भाऊंचं होतं. भाऊंनी पावती फाडली.

आणि नेमकी ही दोन घरं एकमेकांना पसंत पडली.

भाऊ हवेत होते. संकेतस्थळावरून जमलेलं पहिलं लग्न. पानाच्या वरच्या बाजूला त्यांनी माझ्याकडून दोन हार आणि त्यांच्यामध्ये स्वतःचा फोटो लावून घेतला. पाहण्याचा कार्यक्रम झाला, देण्याघेण्याचं बोलणं झालं, कुंकू लावायचा दिवस ठरायचा राहिला होता. दादाराव येता-जाता सांगायचे की पाहुणे देवमाणूस आहेत. पुरुषोत्तमराव सांगायचे की असं सरळ घर पाहिलं नाही. मी आडभिंतीमागे दोन्ही ऐकायची. दोन्ही घरांच्या पांढऱ्या ओळी माझ्याच बोटांनी झालेल्या होत्या. मी गप्प राहिले. मी गप्प बसते ते भित्रेपणाने, पण गावात त्याला समंजसपणा म्हणतात, आणि मी कधी कुणाचा तो गैरसमज दूर केला नाही.

एका सकाळी भाऊ तहसीलला गेले होते. एक मुलगी आली आणि सरळ आडभिंतीच्या मागे आली. तिथे कुणी येत नाही. मी तिला फोटोवरून ओळखलं, दादारावांची शीतल, पण फोटोत तिच्या कपाळावर ही आठी नव्हती.

"तुमीच लिहिता का हे?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. तिने मैत्रिणीला दाखवायला म्हणून पानावरची आपली माहिती उचलून व्हॉट्सअॅपवर टाकली होती. रंग पानावरच राहतो, उचलले तर शब्द तेवढे येतात. मैत्रिणीकडे सगळं काळ्यात गेलं. उंची, मग "घटस्फोटित", मग शिक्षण.

"माह्या पानावर तथी रिकामं दिसते. तिच्याकडे गेलं त तथी हे हाय. काहून?"

मी पडद्याकडे पाहिलं. ती थांबली. तिला थांबता येत होतं.

"बाबा म्हणतात, लिहिलं हाय, पाव्हण्यायनं वाचलं हाय, सगळं मंजूर हाय." मग तिने हळू आवाजात विचारलं, "हे लिहिलं कोणं, ताई?"

"मी."

"अन् लपवलं कोणं?"

"मीच."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती तिथल्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि जऊळक्याची गाडी चुकल्याची गोष्ट सांगावी तशा आवाजात सांगायला लागली. पहिल्या सासरी ती गेली तेव्हा नवऱ्याचं पुण्याला दुसरं घर होतं, बाई होती, सगळं होतं. सासूला माहीत होतं, दिराला माहीत होतं, लग्न जमवणाऱ्यालासुद्धा माहीत होतं. "तथी मले सोडून सगळ्यायले मालूम होतं," ती म्हणाली. "आता मी यायच्या घरी तसंच जाऊ का? अन् उद्या त्यायले समजलं त पेटी घेऊन परत मीच येईन ना. बाबा नाही येणार."

मी विचारलं, "मग काय करू?"

"काळं करा."

"जाड?"

"जाड कायले? मी काय बक्षीस जिंकलं? शिक्षण लिहिलं हाय ना, तसंच."

शिक्षण साधं लिहिलेलं होतं, बिनचिमट्याचं. तेव्हा मला नवीन काही लिहावं लागलं नाही. पांढऱ्याचे दोन चिमटे काढून टाकले आणि शब्द जागेवर आला. शीतलने पाहिलं आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला.

प्रवीणची ओळ तिला सांगायला हवी होती. ती गेल्यावर ते सुचलं असं लिहिलं तर खोटं होईल. ती समोर बसली होती तेव्हाच ते माझ्या जिभेवर होतं. मी कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले आणि ती उठून गेली.

केनवडला पान कुणीतरी रोज पाहत असणार. दोन-तीन दिवसांतच पुरुषोत्तमराव दुकानात आले. येताना दादारावांना फोन करून तिथेच बोलावून घेतलं होतं. जीपवाले, चहावाला, दाखल्याच्या रांगेतली माणसं, सगळी दाराशी गोळा झाली. पुरुषोत्तमराव मोबाइल हातात धरून उभे होते आणि प्रत्येकाला तो शब्द दाखवत होते. आपल्यासारख्या सरळ माणसाला फसवलं, मुलीला एकदा टाकून दिलेलं आहे, हे लपवून आमच्या गळ्यात बांधत होते, असं ते म्हणाले. दादाराव खाली पाहत होते. भाऊ म्हणत होते की सर्व्हरमध्ये काहीतरी झालं असावं. सर्व्हर म्हणजे काय ते भाऊंना माहीत नाही, पण त्याच्यावर काहीही ढकलता येतं हे त्यांना पक्कं माहीत आहे.

मग पुरुषोत्तमराव म्हणाले, "आमच्या घरात काही लपवालपवी नसते. जे हाय ते खुल्लम खुल्ला हाय. पाहून घ्या कोणी भी."

मी आडभिंतीमागे ते ऐकलं. माझ्यासमोर मागचं पान उघडं होतं. त्यात लाल सुपरवायझरच्या खाली पांढरा चिमटा होता. तो एकटा काढता आला असता. पण तेवढाच काढला असता तर ते दोन घरांचं भांडण झालं असतं. मी "शोधा आणि बदला" उघडलं. वरच्या रकान्यात पांढऱ्याचं इंग्रजी नाव लिहिलं, खालच्या रकान्यात काळ्याचं. कॉम्प्युटरने इंग्रजीत विचारलं. त्यातला "ऑल" हा शब्द मला येतो. मी होकार दिला आणि पान वर चढवलं.

बाहेर पुरुषोत्तमराव अजून आपलं घर किती उघडं आहे ते सांगत होते. मी उठले आणि आडभिंतीच्या कडेला येऊन उभी राहिले. समोर इतकी माणसं होती. तरी एक वाक्य बोलले. इतक्या वर्षांत त्या दुकानात चार माणसांत मी मोठ्याने बोललेलं ते एकच वाक्य आहे.

"काका, पान एकदा खाली ओढा."

पान बोटाने खाली ओढलं की ते नव्याने उघडतं. एवढं सगळ्यांना येतं. त्यांनी ओढलं. मुलीचा शब्द पुन्हा दाखवायचा म्हणूनच ओढलं असेल. पण पान नव्याने उघडताना ते वरून उघडलं, आणि वर मुलांची बाजू होती, तिच्यात प्रवीणचं नाव पहिलं. दादारावांची मान त्यांच्या खांद्यावरून पुढे आलेलीच होती. ते हळूहळू वाचायला लागले, शाळेतल्या मुलासारखं, एकेक शब्द.

"सध्या... नोकरी... नाही. हे काय हाय जी?"

पुरुषोत्तमरावांनी मोबाइल खिशात घातला. "ते आमचं घरचं हाय," ते म्हणाले.

"मंग आमचं कोणाचं होतं?"

दारातून कुणीतरी हसलं. पण सगळे हसले नाहीत, कारण गर्दीतल्या काहींनी आपापले मोबाइल काढले होते आणि आपापली पानं खाली ओढली होती. एकेक जण जीपकडे निघाला. चहावाला तेवढा थांबला, त्याचं लग्न झालेलं होतं.

सोयरीक मोडली. आपण फसवलं गेलो असं दोघेही अजून सांगतात. पहिल्यांदा कुणी फसवलं यावर वाद आहे.

पुढचे काही दिवस दुकानात मजेचे गेले. मजा माझ्यासाठी, भाऊंसाठी नाही. लोक यायचे, इकडे-तिकडे पाहायचे आणि भाऊंच्या कानाशी लागून म्हणायचे की ते जरा दिसून राह्यलं. मोठ्याने तक्रार करायची तर काय दिसतंय हे सांगावं लागत होतं. एकाने मेळाव्यात कमिटीवर आवाज चढवायचं ठरवलं होतं म्हणे. उठून उभा राहिला, सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने जेवणाच्या पंगतीबद्दल सूचना केली.

भाऊंनी मला सगळं पुन्हा पांढरं करायला सांगितलं. मी म्हटलं, आता सगळंच काळं आहे, कोणत्या ओळी पांढऱ्या होत्या ते पानावरून ओळखू येत नाही. ते खरंच होतं; मागच्या पानात काळ्याचे चिमटे दिसत होते, पण मागचं पान भाऊंनी कधी उघडलेलं नाही. वर म्हटलं, तुम्ही लोकांना फोन करून विचारा, म्हणजे करून देते. भाऊंनी मोबाइल उचलला. तुमचं काय लपवलेलं होतं, हे कुणाला कसं विचारायचं, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. मग मोबाइल खाली ठेवला. पांढऱ्याचा दर भिंतीवरून पुसून टाकला. माझ्याशी ते आठवडाभर बोलले नाहीत, त्याचा मला त्रास झाला नाही. नवऱ्याला मात्र झाला. जीप उभ्या राहतात तिथे त्याला सगळे विचारायचे, तुझी बायको बोलते म्हणे.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. काळं करायला सांगितलं होतं शीतलने, आणि मोडली तीही तिचीच सोयरीक. मोडली तेव्हा लोकांनी प्रवीणच्या नोकरीला "होते असं" म्हटलं आणि शीतलच्या शब्दाला तसं म्हटलं नाही. दादारावांच्या घरी दोन महिने कुणी फिरकलं नाही. प्रवीणला मात्र त्या दिवसांतही तीन स्थळं सांगून आली, त्यांतली दोन नोकरीवाल्या मुलींची होती. अक्षरं सगळी सारखी काळी केली तरी लोक काही अक्षरं जाडच वाचतात. त्यासाठी माझ्याकडे चिमटा नाही.

मध्ये एकदा दुकानाच्या फोनवर एका माणसाचा आवाज आला. भाऊ नव्हते, मला उचलावा लागला. त्याने आपलं नाव सांगितलं, केनवडचा प्रवीण. लाल सुपरवायझर काढून टाका म्हणाला. त्या जागी "शेती करतो" लिहा. बाबांना विचारलं का, असं मी विचारलं. "बाबाले विचारूनच एवढं झालं ना, ताई," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी तसं लिहिलं.

शीतल परत आली ती सोयाबीन घरात आल्यावर. यावेळी भाऊ दुकानात होते. त्यांनी तिला पाहून एकदम बिलांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. ती आडभिंतीमागे आली आणि गठ्ठ्यावर बसली, जशी मागे बसली होती. घरी दादारावांनी तिचं नाव पानावरून काढून टाकायचं ठरवलं होतं. ती काढायला नाही, बदलायला आली होती.

"काय बदलायचं?"

"अपेक्षा."

अपेक्षेच्या ओळीत दादारावांनी लिहून दिलेलं होतं, नोकरीवाला, पुण्याचा, घरी शेती असलेला, निर्व्यसनी. मुलींच्या बाजूला सगळीकडे जवळपास तेच आहे. शेती पाहिजे, पण ती करणारा दुसराच कुणीतरी पाहिजे. मी ती ओळ पुसली. शीतल पडद्याकडे पाहत होती. मी न विचारताच पान वर सरकवलं. मुलांची बाजू आली, केनवडचा प्रवीण आला. तिने "शेती करतो" वाचलं. तोंडावर काही दिसलं नाही. तिने मला खाली सरकवायची खूण केली आणि आपल्या नावावर आल्यावर सांगितलं, लिहा.

"जे असन ते काळ्या अक्षरात."

मी लिहिलं. आडभिंतीपलीकडे भाऊंचा बिलं मोजायचा आवाज थांबला होता. मी तिला विचारलं, एवढी एक ओळ जाड करू का, कुणी मागितली नव्हती तरी मला ती करायची होती.

"नको," ती म्हणाली. "वाचायची असन तो वाचन."

तिने उठून ओढणी झटकली, कागदाच्या गठ्ठ्याची धूळ लागली होती. मी पान वर चढवलं. त्या ओळीला आधी काही नाही, नंतर काही नाही. आडभिंतीच्या पुढे भाऊंनी पुन्हा पहिल्या बिलापासून मोजायला सुरुवात केली.